वस्तऱ्याच्या पाठीला टेप: किती थर, कधी आणि कधी नाही

वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये मी ३१ वर्षं काढली. मशीनवर एखादा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, केसभर खाली बसला की आम्ही त्याच्याखाली शिम, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पत्री, सरकवायचो. शिम लावणं चांगलं की वाईट, असा वाद तिथे कधी झाला नाही. फोरमन एवढंच विचारायचा, "केवढ्याची टाकलीस?" आणि जॉब संपेपर्यंत ती हलवायची नाही, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

निवृत्तीनंतर जुन्या वस्तऱ्यांना धार लावायचा नाद लागला, तेव्हा कळलं की धार लावताना पात्याच्या पाठीवर चिकटवायच्या टेपवरून या छंदातले लोक हमरीतुमरीवर येतात. एक बाजू म्हणते, टेप नाही लावली तर पाठ खराब होते. दुसरी म्हणते, पाठ झिजायलाच हवी, टेप म्हणजे नवशिक्यांचं काम. मला हा वादच नको वाटतो. टेप ही शिम आहे. तिची जाडी ठाऊक असली आणि ती मध्येच काढली नाही, तर ती बिनबोभाट काम करते. बिघडतं ते या दोनपैकी एक चुकल्यावर.

हे सगळं अखंड पोलादी पात्याच्या, मिटणाऱ्या वस्तऱ्याबद्दल आहे. सलूनमध्ये आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो. त्याला धार लावायची नसते, ब्लेड बदलायचं असतं.

पाठ नेमकं काय करते

सुरीला धार लावताना कोन आपल्या मनगटात असतो. वस्तऱ्यात तो पात्यातच घडवलेला असतो. वस्तरा दगडावर आडवा ठेवलात की तो दोनच ठिकाणी टेकतो, पुढे धार आणि मागे पाठ. मधलं पोट पोकळ घासलेलं असतं, ते दगडाला लागत नाही. म्हणजे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी या दोन मापांवर धारेचा कोन ठरतो.

हिशेब सोपा आहे. पाठीच्या जाडीला पात्याच्या रुंदीने भागा आणि ५७ ने गुणा. कोन अंशांत मिळतो, अगदी काटेकोर नाही पण आपल्या कामापुरता बरोबर. माझ्या रोजच्या वस्तऱ्याची पाठ ५ मिमी आणि रुंदी १७ मिमी आहे. कोन आला जवळपास १७ अंश. १६ ते १८ अंशांत वस्तरा खुशीत असतो. १५ च्या खाली धार इतकी बारीक होते की दोन दाढ्यांत तिचे कण तुटायला लागतात. २० च्या वर गेलं की वस्तरा कापण्यापेक्षा ओढतोच जास्त.

आता याच पाठीवर ०.१३ मिमी जाडीची टेप लावा. ती दोन्ही बाजूंना येते, म्हणजे पाठ झाली ५.२६. कोन १७.६. एका थराने जेमतेम एक अंश वाढला. ऐकायला फुसकी गोष्ट वाटते, पण धारेच्या टोकाला काम मायक्रॉनमध्ये चालतं आणि तिथे एक अंश पुष्कळ होतो.

आधी मोजा

साधा डिजिटल व्हर्नियर पुरतो. पाठीची जाडी तीन ठिकाणी घ्या: मुठीकडच्या टाचेला, मध्ये आणि शेंड्याला. जुन्या पात्यावर पाठीच्या दोन्ही अंगांना घासून झालेली चकचकीत सपाट पट्टी दिसते, तिथेच माप घ्यायचं, कारण दगडाला तीच टेकते. रुंदी मोजताना त्या पट्टीच्या मध्यापासून धारेपर्यंत घ्या. व्हर्नियरचे जबडे कडक पोलादाचे असतात, ते धारेवर दाबू नका. मी धारेच्या बाजूला पोस्टकार्डाचा तुकडा मध्ये धरतो आणि त्याची जाडी वजा करतो.

तीन मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर कुणीतरी एका टोकावर जोर देऊन घासलेलं आहे. टेप हा वाकडेपणा दुरुस्त करत नाही, फक्त पुढे वाढू देत नाही.

टेपचीही जाडी मोजा. एका थराचं माप व्हर्नियरवर नीट येत नाही, त्यातून पीव्हीसी दाबली की चेपते. स्टीलच्या पट्टीवर एकावर एक १० थर चिकटवा, हलक्या हाताने माप घ्या, पट्टीची जाडी वजा करा, १० ने भागा. बहुतेक इलेक्ट्रिकल टेप ०.१२ ते ०.१८ मिमीच्या दरम्यान निघतात. कुठलीही घ्या, पण एका वस्तऱ्याला एकच.

लावायची की नाही

माझ्या रोजच्या वस्तऱ्याला मी टेप लावत नाही. तो पहिल्यापासून टेपशिवाय धरलाय, पाठ शाबूत आहे, वर्षातून दोन-तीनदा शेवटच्या दगडावर दहा-वीस हात फिरवले की काम होतं. तिथे टेप म्हणजे उगाच उठाठेव.

पण नेरूळहून एक मित्र ट्रान्सहार्बर पकडून आला, तो आजोबांचा जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा घेऊन. पाठीच्या कडांवर कोरीव नक्षी. असा वस्तरा १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) टेपशिवाय टेकवणं म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती काथ्याने घासणं. इथे टेप लावायचीच.

दुसरी जागा म्हणजे पाचरीच्या आकाराचं पातं, जसे जुने शेफिल्डचे असत. त्यात पोट पोकळ नसतं, दोन्ही अंगं जवळजवळ सपाट असतात. टेपशिवाय दगडावर ठेवलं की पाठीपासून धारेपर्यंत सगळंच टेकतं आणि तुम्ही तासन् तास नुसतं पोलाद घासत बसता. इथे दोन, प्रसंगी तीन थर द्या, म्हणजे फक्त टोकाशी अरुंद उतार तयार होईल.

तिसरी, पाठ आधीच कुणी खाऊन टाकलेली असेल तर. समजा १७ मिमी रुंदीवर पाठ ४.२ मिमीच उरलीय. कोन १४ च्या आसपास. एका थराने तो १५ ला येतो, दोन थरांनी १६ च्या जवळ. इथे टेप पाठीला वाचवायला लावायची नसते, झिजलेली पाठ भरून काढायला लावायची असते.

आता टेपविरोधकांचा मुद्दा. घासताना धार आणि पाठ बरोबरीने झिजल्या तर जाडी-रुंदीचं प्रमाण टिकतं आणि कोन तोच राहतो. हे खरंच आहे. कायम टेप लावलीत तर रुंदी कमी होत जाते, पाठ तशीच राहते, कोन हळूहळू वाढतो. पण वरच्या वस्तऱ्यात रुंदी १७ वरून १६ वर आली तरी कोन एका अंशानेच वाढतो आणि फक्त स्वतःच्या दाढीसाठी वापरणाऱ्याच्या हातून एक मिलिमीटर पोलाद जायला बरीच वर्षं लागतात. नातवाला त्रास झाला तर त्याने एक थर कमी करावा.

जपानी कामिसोरीला मात्र टेप लावू नका. तिची दोन अंगं सारखी नसतात आणि धरायची रीतही निराळी. तिच्यावर हा हिशेब चालत नाही.

टेप कुठली

साधी पीव्हीसीची इन्सुलेशन टेप, १८-१९ मिमी रुंदीची. जांभळी नाक्याच्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते. पारदर्शक सेलोटेप नको, पाण्यात तिचा डिंक सुटतो. मास्किंग टेप कागदी असते, १० हातांत तिचा लगदा होतो.

पीव्हीसीपेक्षा टिकाऊ हवी असेल तर मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट झाकायला पिवळट-तपकिरी टेप वापरतात, ती पॉलिइमाइडची. पातळ असते, साधारण ०.०६ मिमी, म्हणून कोन फारसा वाढत नाही, आणि लवकर घासलीही जात नाही. महाग आहे आणि वळणावर बसायला थोडी कुरकुर करते. मी नक्षीवाल्या पाठींसाठी तीच ठेवलीय.

चिकटवणं

सगळ्यात घाईत उरकली जाणारी आणि म्हणून सगळ्यात जास्त बिघडणारी पायरी.

पातं भांड्याच्या साबणाने धुऊन, कोरडं करून, पाठीवर स्पिरिटचा बोळा फिरवा. तेलाचा अंश राहिला तर टेप पहिल्याच दगडावर सरकेल.

१८ मिमीची अखंड टेप पाठीवर गुंडाळली की तिच्या कडा पोटाच्या खोलगट भागात उतरतात, तिथे नीट चिकटत नाहीत आणि सुरकुत्या पडतात. म्हणून टेपचा तुकडा काचेवर चिकटवा आणि पट्टी धरून कटरने उभा कापून ९-१० मिमीची पट्टी काढा. पात्यावर टेप असताना कटर चालवायचा नाही, पोलादावर ओरखडा उठतो. लांबी धारेइतकीच. शेंड्याच्या पुढे टेप लोंबली की दगडाच्या कडेला अडकून उपटते.

वस्तरा उघडा, धार तुमच्यापासून लांब, पाठ वर. टेपचं एक टोक टाचेशी, पाठीच्या बरोब्बर मध्यावर टेकवा आणि शेंड्याकडे नेत नुसती ठेवत जा. ओढायची नाही. ओढलेली पीव्हीसी पातळ होते आणि पाच मिनिटांत आखडून टोकं सुटतात. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पाठ धरून दोन्ही कडा एकदम खाली दाबत जा. बोटं पाठीवरच राहिली पाहिजेत. धार बोथट आहे म्हणून बेफिकीर राहू नका, बोथट वस्तराही बोट चांगलं कापतो. शेवटी नखाने एकदा टाचेपासून शेंड्यापर्यंत घोटा. कुठे बुडबुडा दिसला तर काढा आणि नवी पट्टी लावा. टेप रुपयांत येते, पातं येत नाही.

दोन थर द्यायचे असतील तर दुसरा अगदी पहिल्यावर बसवा. इकडे तिकडे सरकला की एका अंगाला दोन थर आणि दुसऱ्याला दीड, अशी गत होते.

मार्करने विचारून घ्या

दगडाला हात लावण्याआधी धारेच्या उतारावर, ज्याला आम्ही बेव्हल म्हणतो, दोन्ही बाजूंनी काळा पर्मनंट मार्कर फिरवा. मग टेपसकट वस्तरा बारीक दगडावर अलगद ठेवून दोन हात फिरवा आणि सोनारी भिंगातून बघा. आधीच्या माणसाने काय केलं होतं ते तिथे लिहिलेलं दिसतं.

शाई सगळ्या उतारावरून सारखी गेली असेल तर आधीही एवढेच थर होते, तसंच पुढे चला. फक्त टोकाशी, धारेच्या अगदी काठावरून गेली असेल तर आधी टेप कमी होती किंवा नव्हतीच, आणि तुमचा कोन मोठा पडतोय. आणि शाई उताराच्या मागच्या काठावरून गेली, धारेवर मात्र तशीच राहिली, तर आधी टेप जास्त होती. हा तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. दगड धारेला लागतच नसतो.

नेरूळच्या मित्राचं हेच झालं होतं. तो वस्तरा घेऊन आला त्याआधी स्वतःच तीन रविवार त्याने घालवले होते. "सगळे दगड केले, ८००० झाला, १२००० झाला, आरशासारखं चमकतंय, पण दाढीवर नुसतं सरकतंय." मी विचारलं, टेप कुठे आहे? म्हणाला, "ती १००० झाल्यावर काढली. पॉलिशला कशाला लागते?" भिंगाखाली धरलं. मागचा अर्धा उतार चकाकत होता आणि टोकाशी १००० नंबरचे ओरखडे जसेच्या तसे. शिम काढून फिनिशिंग कट मारला होता त्याने. टूलरूममध्ये याला जॉब भंगारात गेला म्हणतात. इथे निदान पुन्हा १००० पासून सुरुवात तरी करता येते.

दगडांवर

दगड सपाट हवा. पेन्सिलने चौकटी आखा आणि १० मिमी जाड काचेवर पाणी टाकून पसरलेल्या पॉलिश पेपरवर किंवा डायमंड प्लेटवर चौकटी पुसल्या जाईपर्यंत घासा. ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडाही चालतो, फक्त त्याला पोलादी पट्टी लावून उजेडासमोर धरा, खालून उजेड दिसायला नको.

१००० वर उतार बसवायचा. ही खरी मेहनत, बाकीचे दगड फक्त तिचे ओरखडे पुसतात. धार पुढे, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, वस्तरा दगडावर तिरका सरकवत टाचेपासून शेंड्यापर्यंत न्यायचा, मग पाठीवरच उलटायचा. धारेवर उलटलात तर सगळं मुसळ केरात. सुरुवातीला पात्यावर एका बोटाचा दाब चालतो, उतार बसत आला की फक्त वस्तऱ्याचं वजन. मनगटाजवळची लव संपूर्ण लांबीत, टाचेलाही आणि शेंड्यालाही, सहज उडायला लागली की १००० संपला. त्याआधी पुढच्या दगडाकडे बघायचंसुद्धा नाही.

टेप सर्वात जास्त इथेच झिजते. दर ३०-४० हातांनी नखाने चाचपा. टेपची कड पातळ लागली किंवा खालचं पोलाद चमकलं की नवी लावा. अर्धी घासलेली टेप म्हणजे अर्धी शिम, आणि ती टाचेला आणि शेंड्याला वेगळी घासली जाते.

पुढच्या प्रत्येक दगडासाठी टेप नवीच घ्या, जुनी ठीक दिसत असली तरी. पीव्हीसी मऊ असते, १००० चे कण तिच्यात रुतून बसतात. तीच टेप ८००० वर नेलीत तर चकचकीत उतारावर एकच खोल रेघ उमटते आणि ती कुठून आली हे शोधण्यात दुपार जाते. माझी गेलीय. वस्तरा आणि हातही मध्ये धुवा.

त्यानंतर ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि असेल तर १२०००. नॉर्टनचा ४०००/८००० जोड-दगड सुरुवातीला पुरेसा आहे. दाब कमी करत न्यायचा. ८००० वर हात फिरताना वस्तरा पाण्यावर तरंगल्यासारखा वाटला पाहिजे.

एक युक्ती इथे सांगण्यासारखी आहे. सगळं झाल्यावर, शेवटच्या दगडावर पाठीला एक थर जास्त लावून फक्त ८-१० हलके हात फिरवायचे. कोन अंशभर वाढतो, दगड धारेच्या अगदी काठालाच लागतो आणि तिथे सूक्ष्म दुसरा उतार तयार होतो. बेल्जियमच्या कोटिक्यूल दगडावर काम करणारे ही पद्धत पुष्कळ वापरतात. हट्टी पात्यांवर तिने मला अनेकदा वाचवलंय. पण पुढच्या वेळीही तेवढाच जादा थर लागणार, हे लक्षात ठेवा.

टेप काढणं, आणि जुलै महिना

शेवटचा दगड झाला की टेप लगेच काढा. लगेच म्हणजे चहाच्या आधी.

माझ्याकडून एकदा राहिली. जुलै होता, खिडकीबाहेर दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, लाइट गेले आणि मी वस्तरा टॉवेलवर ठेवून उठलो. सकाळी टेप सोलली तर पाठीच्या दोन्ही अंगांना, टेपच्या कडेबरोबर सरळ रेषेत, नारिंगी-काळा गंज. जणू कुणी पट्टी लावून आखला होता. टेपखाली शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि कार्बन स्टीलला एक रात्र भरपूर होते. खाडीकाठच्या आपल्या हवेत तर विचारूच नका. पाठ वाचवायला लावलेल्या टेपनेच पाठ खाल्ली. पॉलिश लावून गंज निघाला, डाग अजून आहे.

टाचेकडून टोक उचला आणि टेप पाठीला समांतर, हळू, शेंड्याकडे सोला. हिसका मारलात तर हात धारेवर जातो. डिंक राहिला तर खोबरेल तेलाचा बोळा दोन मिनिटं धरा आणि पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर हाताशी असतो, पण त्यातलं ॲसिटोन जुन्या वस्तऱ्यांच्या सेल्युलॉइडच्या मुठी विरघळवतं. खोबरेलही पुसून काढा. महिनोन् महिने ठेवायचं असेल तर शिलाई मशीनचं तेल बरं. पिनेजवळ, मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, कागदाची घडी सरकवून पाणी टिपा, गंज तिथून सुरू होतो.

पट्टा

लोंबत्या चामड्याच्या पट्ट्यावर टेप नको. चामडं दबतं, तेवढ्याने एक अंशाचा फरक सामावतो. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणलेला हवा, सैल असला की धार वाकते. ४०-५० हात पुरेत. लाकडावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून घासणार असाल तर मात्र टेप परत लावा, कारण लाकूड दगडासारखंच, ते दबत नाही.

मग दाढी करून बघा. केसाची चाचणी, नखाची चाचणी हे सगळं ठीक, पण निकाल हनुवटीखालच्या वळणावर लागतो. गालावर छान आणि हनुवटीखाली ओढतोय, तर ८००० वर परत जा. तेवढ्याच थरांनी.

मित्राच्या वस्तऱ्याच्या डबीत मी जुन्या जॉबकार्डाचा एक तुकडा कापून ठेवला. त्यावर बॉलपेनने: "रुंदी १६.५, पाठ ४.९, पॉलिइमाइड ०.०६, थर १, शेवटी जादा थर १." खाली तारीख. तो म्हणाला, "काका, एवढं लिहायला कशाला लागतं?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी तूच मला विचारायला येशील, केवढ्याची टाकली होती म्हणून.